बेअरिंग आपण बदलावे की वर्कशॉपला द्यावे?

यंत्रमागाच्या धंद्यात हिशेबाची वही उघडली की सूत, सायझिंग, वीज, मजुरी, दलाली हे रकाने ठरलेले असतात. बेअरिंगचा रकाना कोणाच्याच वहीत नसतो. तो खर्च ‘किरकोळ दुरुस्ती’ या नावाखाली दडून जातो. मी ग्रे कापडाचा व्यापारी, हातात पाना धरणारा माणूस नव्हे. पण माल वेळेवर का आला नाही याची कारणे ऐकण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. वीज गेली, सूत चढले, बीम मिळाला नाही, ही कारणे नेहमीची. त्यांच्या खालोखाल ऐकू येते ते एकच वाक्य : ‘सेठ, मोटर वाइंडिंगला गेली आहे.’

आता मोटर जळण्याची कारणे अनेक. विजेचा दाब कमी-जास्त होतो, एक फेज जातो. पण जाणता वाइंडर जळालेली मोटर उघडतो तेव्हा पुष्कळदा आधी रोटरवर घासल्याची चकाकी पाहतो आणि म्हणतो, ‘बेअरिंगने खाल्ली.’ रोटर आणि स्टेटर यांच्यामधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. बेअरिंग झिजले की रोटर तेवढाच खाली बसतो, घासू लागतो, मोटर तापते, वार्निशचा वास येतो आणि वाइंडिंग खलास होते. काही शे रुपयांच्या जोडीपायी रिवाइंडिंगचे बिल येते आणि दोन-तीन दिवस लूम बंद राहते. मालकाचे नुकसान निदान बिलात दिसते. ज्या कारागिराला कापडाच्या मापावर मजुरी मिळते त्याचे ते दोन-तीन दिवस कुठेच लिहिले जात नाहीत.

म्हणून बेअरिंग वेळेवर बदलावे यावर कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो कोणी बदलावे याचा. छोटे कारखानदार म्हणतात, दोन नट सोडायचे आणि दोन ठोके मारायचे, त्यासाठी वर्कशॉपची मजुरी कशाला? मोठे प्रोसेसवाले म्हणतात, ज्याचे काम त्यालाच द्यावे. मी दोन्ही प्रकारच्या लोकांचे नफे-नुकसान जवळून पाहिले आहे. माझे मत असे की बेअरिंगकडे पाहून हा निर्णय करता येत नाही. ते ज्या जागेवर बसते ती जागा कशी आहे, आणि ते काढताना त्याच्यासोबत दुसरे काय सुटते, यावर तो करावा लागतो.

जुने बेअरिंग आधी वाचा

बॉल बेअरिंगचा आणि कापडाचा संबंध जुना आहे. स्वीडनमधील गोटेनबर्ग शहरात एक कापड गिरणी होती. तिथे स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनियर देखभालीचे काम पाहत असे. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती सरकली की इमारत हलायची, लांबलचक शाफ्टची रेषा बिघडायची आणि बेअरिंगे फुटायची. नवे टाकले तरी तेही फुटायचे. अखेर त्याने बेअरिंग पुन्हा पुन्हा बदलण्याऐवजी ते का फुटते याचा शोध घेतला, आणि १९०७ मध्ये शाफ्ट थोडा तिरका झाला तरी स्वतःच जुळवून घेणारे, दोन ओळी गोळ्यांचे बेअरिंग तयार केले. त्यातूनच त्याच वर्षी एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा एक कारखाना आपल्या पुण्याला चिंचवडमध्ये आहे.

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. जुने बेअरिंग भंगारात जाते, नवे बसते आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच आवाज येतो. जुने बेअरिंग हातात घेऊन पाहावे. ग्रीस सुकून त्यात सुताची लव कालवली गेली असेल तर पुढच्या वेळी बंद तोंडाचे बेअरिंग घ्यावे. रिंग निळसर पडली असेल तर ते तापले आहे. गोळ्यांच्या वाटेवर ठरावीक अंतरावर खड्डे असतील तर बसवताना कोणीतरी चुकीच्या जागी हातोडा मारला आहे. वाटेच्या एकाच बाजूला झीज जास्त असेल तर पट्टा फार ताणलेला असण्याचा संभव मोठा. पट्टा घसरू नये म्हणून तो तारेसारखा ताणण्याची आपल्याकडे सवयच आहे, आणि तो सगळा भार पुलीकडच्या बेअरिंगवर येतो. ही कारणे कोणतेही वर्कशॉप दूर करू शकत नाही. ती कारखान्यातच दूर करावी लागतात.

लूमची मोटर : हे काम घरचे

लूमच्या स्वतःच्या क्रँकशाफ्टचे बुश हा जॉबरचा प्रांत आहे. तिथे गती कमी, रोजचे तेल महत्त्वाचे. त्यात मी शिरत नाही. प्रश्न मोटरचा आहे. साध्या लूमची मोटर साधारण १ हॉर्सपॉवरची, मिनिटाला ९६०च्या आसपास फिरणारी. तिच्यात दोन बेअरिंगे असतात आणि माझ्या मते ती बदलण्याचे काम प्रत्येक कारखान्यात एका तरी मुलाला आलेच पाहिजे.

आधी नंबर. बहुतेक मोटरींत ६२०४ किंवा ६२०५ निघते, पण अंदाजाने आणू नये; जुन्यावरचा नंबर वाचावा. शेवटच्या दोन आकड्यांना ५ने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते. ०४ म्हणजे २० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५. (हा हिशेब ०४ पासून पुढे लागू, ०३ म्हणजे १७, ०२ म्हणजे १५.) इथे एक गफलत नेहमी होते. ६२०५ आणि ६३०४ ही दोन्ही बाहेरून ५२ मिलिमीटरची आणि दोन्हींची जाडी १५. काउंटरवर शेजारी ठेवली तर घाईत फरक कळत नाही. पण एकाचे भोक २५चे, दुसऱ्याचे २०चे. म्हणून जुने बेअरिंग सोबत नेणे सर्वात चांगले. नंबरापुढची अक्षरेही पाहावीत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणी, टू-आरएस म्हणजे रबरी सील. लव उडणाऱ्या शेडमध्ये उघडे बेअरिंग घालू नये. सी-३ लिहिले असेल तर आत थोडी जास्त मोकळीक ठेवलेली असते, तापणाऱ्या मोटरसाठी. जुन्यावर सी-३ असेल तर नवेही तसेच मागावे.

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, तोच दिवस या कामाला योग्य. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा, म्हणजे दुसऱ्या कोणी न पाहता खटका दाबला तरी अनर्थ होणार नाही. वायरींना खुणा कराव्यात. दोन्ही बाजूंची कव्हरे सोडण्याआधी कव्हरावर आणि बॉडीवर पंचाने समोरासमोर ठिपके मारावेत, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. कव्हर फिरून बसले तर नवे बेअरिंगही ओढले जाते. कव्हरात लाटेसारखी वाकलेली पातळ वॉशर असेल ती हरवू नये. ती बिनकामाची वाटते म्हणून अनेक जण टाकून देतात आणि मग मोटर आवाज का करते ते त्यांना कळत नाही.

बेअरिंग पुलरने काढावे. छिन्नीने काढले तर शाफ्टवर ओरखडे पडतात आणि नवे बेअरिंग त्या ओरखड्यांवर बसते. बसवताना एकच नियम : जी रिंग घट्ट बसायची तिच्यावरच जोर द्यायचा. मोटरीत आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसते. म्हणून फक्त आतल्या रिंगवर टेकेल असा लोखंडी पाइपचा तुकडा घ्यावा, त्याची तोंडे सरळ कापलेली असावीत, आणि त्यावर ठोकावे. बाहेरच्या रिंगवर मारलेला प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो आणि वाटेवर खळगा पाडतो. बेअरिंग नवे असते, पण त्याचे आयुष्य तिथेच अर्धे होते.

याहून चांगला मार्ग गरम करण्याचा. २५ मिलिमीटरच्या रिंगचे तापमान ८० अंशांनी वाढले की भोक साधारण अडीच शतांश मिलिमीटर मोठे होते. ऐकायला काहीच वाटत नाही, पण शाफ्टवर सरकून बसायला तेवढे पुरते. उघडे बेअरिंग ११० अंशांपर्यंत तापवता येते. बंद तोंडाच्याला मात्र ८० अंशांवर नेऊ नये. आतले ग्रीस आणि रबर बिघडते. जुने मिस्त्री पेटत्या पिवळ्या बल्बवर बेअरिंग ठेवून तापवीत असत, ती युक्ती अजून खरी आहे. गॅसच्या ज्वाळेवर धरणे हे मात्र बेअरिंग मारणे आहे.

बंद तोंडाचे बेअरिंग रॉकेलने धुऊ नये, त्यात वरून ग्रीसही भरू नये. उघड्यात भरायचे तर आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा पुरे. गच्च भरले की ग्रीस घुसळले जाऊन तापते. कव्हरांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळावेत आणि प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. पट्टा न चढवता पाव तास मोटर चालवावी, मग कव्हरला हात लावावा.

जागा गेली असेल तर थांबा

एवढे सगळे करताना एक गोष्ट पाहायची असते आणि तीच बहुतेक जण पाहत नाहीत. जुने बेअरिंग पुलर न लावता शाफ्टवरून हातानेच निघून आले, किंवा कव्हराच्या आत बाहेरची रिंग फिरल्याची चकचकीत खूण दिसली, तर बसण्याची जागा झिजली आहे. आता नवे बेअरिंग टाकून काही होणार नाही. आपल्याकडे अशा वेळी शाफ्टवर पंचाने टोचे मारतात किंवा कव्हरात पत्र्याची पट्टी घालतात. मोटर सुरू होते, मालक खूश होतो. टोचे काही आठवड्यांत दबतात, पत्रा एका बाजूला सरकतो आणि रोटर पुन्हा तिरका. ही बचत मला कधीच पटली नाही.

इथे लेथवाल्याचेच काम आहे. कव्हराचे भोक मोठे करून बुश मारून पुन्हा मापात कातणे, किंवा शाफ्टवर धातू चढवून नेमक्या मापावर आणणे, यासाठी मायक्रोमीटर लागतो आणि तो वाचणारा माणूस लागतो. वर्कशॉपला जी मजुरी देतो ती या मापाची देतो. ज्या दुकानात मायक्रोमीटर दिसत नाही, फक्त हातोडा दिसतो, त्याला मजुरी देण्यापेक्षा काम घरी केलेले बरे.

ब्लोअर : दिसतो तसा सोपा नाही

आता प्रोसेसवाल्यांकडे वळू. डाइंगचे पाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बहुतेकांनी पाहिला असेल. आत डमरूसारख्या आकाराचे दोन रोटर उलट दिशांना फिरतात. याला रूट्स ब्लोअर म्हणतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल या गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीच्या जागी काही चांगले मिळावे म्हणून खटपट करताना त्यांना हे यंत्र सुचले आणि १८६० मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. म्हणजे हेही कापडवाल्यांच्याच घरातले. पुढे हाच ब्लोअर लहान होऊन मोटारगाडीच्या इंजिनात जास्त हवा कोंबण्यासाठी बसला, त्याला सुपरचार्जर म्हणतात. काही वर्षांपूर्वीच्या मर्सिडीज गाड्यांच्या मागे ‘कॉम्प्रेसर’ असे लिहिलेले असायचे, ते यासाठीच.

परदेशात हौशी लोक गाडीच्या सुपरचार्जरचे पुलीकडचे बेअरिंग घरी बदलतात. ते जमण्यासारखे आहे, कारण पुढची मान वेगळी सुटते आणि रोटरला हात लागत नाही. पण रोटरची बेअरिंगे निराळी. दोन रोटर एकमेकांना किंवा बॉडीला कुठेच टेकत नाहीत. त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांशांची असते आणि ती टायमिंग गिअरच्या जोडीवर टिकते. बेअरिंग काढायला गिअर काढावे लागते, आणि गिअर सुटले की रोटरांचा मेळ सुटतो. पुन्हा जमवताना फिलर गेज घेऊन रोटर थोडे थोडे फिरवत अनेक जागी फट मोजावी लागते. रोटर पुढे-मागे किती सरकतो हेही पातळ शिमांनी ठरवावे लागते. हे अंदाजाचे काम नव्हे.

एक उदाहरण सांगतो. आमच्या भागातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये माझा माल रंगाला पडला होता. ब्लोअर गुणगुणू लागला म्हणून त्यांनी तो एका वर्कशॉपला दिला. दुसऱ्या दिवशी परत आला, चार नवी बेअरिंगे, बिल पक्के. तासाभरात आतून खरखर सुरू झाली आणि ब्लोअर अडकला. उघडून पाहिले तर रोटर रोटरला घासून दोघांवर चरे पडले होते. गिअर खुणेवर न जमवताच आवळले होते. वर्कशॉपवाल्याचे उत्तर ठरलेले : ‘बेअरिंग तर ओरिजिनल घातले.’ ते खरेही होते. पण दुसरा ब्लोअर नव्हता. टाकीत हवा गेली नाही की पाणी शुद्ध करणारे जंतू मरू लागतात, गाळ काळा पडतो, दुर्गंधी सुटते. तसे पाणी बाहेर सोडणे म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाला आमंत्रण. १९७४च्या पाणी कायद्याखाली मंडळ वीज तोडून कारखाना बंद करायला लावू शकते. त्यांनी शहाणपणाने रंगाईच थांबवली. माझ्यासह कितीतरी जणांचे तागे पडून राहिले आणि रोजंदारीची माणसे घरी बसली.

म्हणून ब्लोअरबाबत माझे मत स्पष्ट आहे. तेल बदलणे, तेलाची पातळी रोज काचेतून पाहणे, हवेचा फिल्टर साफ करणे, दोन्ही पुल्यांवर दोरा धरून त्या एका रेषेत आहेत का ते पाहणे, पट्ट्याचा ताण जपणे, हे सगळे आपल्या माणसाने करावे. लाकडी काठीचे एक टोक बेअरिंगच्या घरावर आणि दुसरे कानाशी धरले तर बिघाड पुष्कळ आधी ऐकू येतो. ते कसब आपल्या माणसाकडेच हवे. उघडण्याचे काम मात्र ज्याने हेच ब्लोअर पूर्वी जमवले आहेत त्यालाच द्यावे. चारही बेअरिंगे आणि ऑइल सील एकदमच बदलून घ्यावेत, आणि जमवल्यानंतर रोटरची फट कुठे किती आली ते आकड्यांत लिहून मागावे. जो कारागीर मापून काम करतो त्याला आकडे लिहून देण्यात अडचण नसते. आणि एक जादा ब्लोअर उभा असल्याशिवाय चालता ब्लोअर उघडू नये.

मिस्त्री बंधूंसाठी दोन शब्द

या पानाचे वाचक दोन्ही बाजूंचे आहेत, म्हणून वाइंडर आणि मिस्त्री बंधूंनाही सांगणे आहे. काढलेले जुने बेअरिंग गिऱ्हाइकाला न मागता परत द्यावे. बिलावर ‘बेअरिंग २ नग’ एवढेच न लिहिता मेक आणि पूर्ण नंबर लिहावा. बाजारात जुनी बेअरिंगे पॉलिश करून नव्या डब्यात घातलेली मिळतात, नामांकित नावाची नक्कलही मिळते. नंबर पुसट असेल, रिंगवर घासल्याच्या बारीक रेषा असतील, किंवा भाव नेहमीपेक्षा फारच कमी असेल तर हात आखडावा. एसकेएफने आणि जगातील बेअरिंग कंपन्यांच्या संघटनेने मोबाईलवर खरे-खोटे तपासण्याची सोय काढली आहे, ती वापरावी. नकली माल मिस्त्री जाणून घालतो असे नाही. बहुधा त्यालाही काउंटरवरच फसवलेले असते, पण गिऱ्हाईक जाते ते मिस्त्रीचे.

टेम्पो आणि ट्रकवाले बंधूही विचारतात की टर्बोचे बेअरिंग घरी बदलता येईल का. टर्बो धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो. त्याचे बेअरिंग म्हणजे तेलाच्या पातळ थरावर तरंगणारे छोटे बुश असते, आणि शाफ्ट यंत्रावर बॅलन्स केल्याशिवाय तो टिकत नाही. तिथे हात घालू नये. बॅलन्सिंगचे यंत्र असलेल्या दुकानातच द्यावा किंवा मधला पूर्ण भाग नवा घ्यावा. पाना न धरता मालकाने करण्यासारखे इतकेच आहे : तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावेत, आणि भरलेली गाडी लांबून आली की इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे सावकाश चालू ठेवावे, असे चालकाला सांगून ठेवावे.